रक्ताच्या बाटल्यांतली हळद

गावात परत येऊन पंधरा दिवस झाले. जो भेटतो तो विचारतो, "अमेरिका कशी आहे?" मी म्हणते, "चांगली आहे. थंडी आहे." यापुढे मला बोलता येत नाही. समोरचं माणूस तोंडाकडे बघायला लागलं की मनातलं सगळं मागे सरतं. शाळेत माझ्याबरोबर पोरांची खिचडी शिजवणारी लीलाबाई तर चिडलीच. म्हणाली, "तीन महिने राहून आलीस आणि दोन शब्द? लेकीनं काय उंबऱ्यातच बसवून ठेवलं होतं का तुला?"

म्हणून लिहून काढते आहे. मी चौथीपर्यंत शिकले, पुढचं माधुरीच्या पुस्तकांवरून वाचत गेले. ही वही कोणाला दाखवायची नाही. लीलाबाईला फार तर वाचून दाखवेन, तेही ती मध्ये बोलणार नसेल तर.

माधुरी माझी एकुलती एक मुलगी. तिकडे युनिव्हर्सिटीत संशोधन करते. जावई निखिलराव नागपूरचे, कॉम्प्युटरच्या कंपनीत आहेत. नात ईरा नऊ वर्षांची. हे वारल्यापासून माधुरी दरवर्षी म्हणायची, आई ये, आई ये. या वर्षी गेले.

डब्लिन

माधुरीचं घर ओहायो राज्यात डब्लिन नावाच्या गावात आहे. गाव म्हणायचं, पण रस्त्यावर माणूस नाही. घरं एकसारखी, हिरवळ एकसारखी, रस्ते धुऊन ठेवल्यासारखे. पहिल्या दिवशी मी खिडकीत तासभर उभी होते. एक बाई कुत्र्याला घेऊन गेली, तेवढीच.

"आज सुट्टी आहे का गं?" मी माधुरीला विचारलं.

"नाही गं आई, रोज असंच असतं. सगळे गाडीत असतात."

दारोदार भोपळे मांडलेले होते. चांगले मोठे, केशरी. एकेका दारात चार-चार. कोणाच्या दारात भोपळ्याशेजारी प्लॅस्टिकचा हाडांचा सापळा खुर्चीवर बसवलेला. मी ईराला विचारलं, "हे भोपळे शिजवणार कधी?"

"आजी, दे आर फॉर डेकोरेशन."

"आणि नंतर?"

"देन वी थ्रो देम अवे."

ते ऐकल्यापासून मला त्या भोपळ्यांकडे बघवेना. चार दिवसांनी मी आमच्या दारातला एक गुपचूप आत आणला, किसला, गूळ घातला आणि घारगे केले. पाणचट निघाले. निखिलरावांनी दोन खाल्ले आणि म्हणाले, "छान झालेत आई, पण तो खायचा भोपळा नव्हता. तो वेगळा मिळतो." म्हणजे इथे खायचे आणि टाकायचे भोपळेसुद्धा वेगवेगळे. ईरा दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही, कारण त्या भोपळ्याला ती डोळे कोरणार होती.

खरं सांगायचं तर मला तिथे चैन पडत नव्हतं. भांडी मशीन घासतं, कपडे मशीन धुतं आणि वाळवतंही. शाळेत मी उलथन्याने एवढं मोठं पातेलं हलवते, आणि इथे चमचा धरायचा. सकाळी सगळे उठायच्या आधी मी उठून बसायची. घरामागे तळं आहे, त्याला चक्कर मारायची. तिथली जंगली बदकं माझ्यापेक्षा धीट. वाट सोडत नाहीत, मलाच गवतातून जावं लागायचं. परत आले की ओट्यावरचे डबे पुसायची, पुसलेले पुन्हा पुसायची.

"आई, बस ना जरा," माधुरी म्हणायची.

"बसलेच आहे," मी उभ्यानेच म्हणायची.

सकाळचे सात

सकाळी सात वाजले की जेवायच्या टेबलाचं ऑफिस व्हायचं, कारण माधुरीचं काम टांझानियात चालायचं. आपल्याकडे तेव्हा किती वाजतात ते मला माहीत होतं, तिकडे किती ते नव्हतं. इथले सात म्हणजे तिथले दुपारचे दोन. टांझानिया हा देश आफ्रिकेच्या पूर्व बाजूला आहे, समुद्राला लागून. ईराने मला पृथ्वीच्या गोळ्यावर दाखवलं. आपल्या मुंबईतून समुद्रात खाली तिरकं गेलं की लागतो.

तिथल्या खेड्यांत गरोदर बायकांच्या अंगात रक्त का कमी असतं आणि काय केलं तर वाढतं, हे माधुरीचे लोक शोधत होते. काम दोन तुकड्यांत वाटलेलं. रक्त तपासायचं काम माधुरीच्या वरच्या मोठ्या बाईंकडे. बायकांच्या घरी जायचं, बोलायचं, प्रश्न विचारायचे, हे माधुरीकडे. घरात काय शिजतं, दवाखान्यात जायचं कोण ठरवतं, असे प्रश्न. मी विचारलं तेव्हा तिने एक वाचून दाखवला. "घरात सगळ्यांत शेवटी कोण जेवतं?"

"हे काय विचारायचं?" मी म्हटलं. "ते तर माहीतच असतं."

"तेच तर आई. माहीत असतं, पण कागदावर नसतं."

हे बोलताना ती उभी होती. ईरा शाळेत गेली होती, निखिलराव गेले होते, आणि ही लॅपटॉपकडे बघत गार झालेला ब्रेडचा तुकडा खात होती. 

रोज बोलणं चालायचं ते मला कळायचं नाही, पण माधुरी फोन ठेवला की मराठीत चिडायची, तेव्हा कळायचं. एका गावात अडलं होतं. पाच महिन्यांपूर्वी तिथल्या बायकांचं रक्त एकदा घेऊन झालं होतं. आता दुसऱ्यांदा घ्यायचं, म्हणजे फरक कळतो. तर बायका नाही म्हणत होत्या. आधी एक नाही म्हणाली, मग तिची जाऊ, मग सगळी आळी.

पहिली जी नाही म्हणाली ती रेहेमाची आई. तिकडे बाईला तिच्या पहिल्या मुलाच्या नावाने हाक मारतात, आपल्याकडे मारतात तशीच. पहिल्यांदा रक्त दिल्यानंतर महिन्याभराने तिचं पोटातलं गेलं. माधुरीच्या कामावरची तिथली एक मुलगी तिच्या घरी गेली होती, तिने फोनवर सांगितलं ते माधुरीने मला सांगितलं. रेहेमाच्या आईने दार उघडलं, बसायला चटई दिली, चहा दिला, आणि नाही म्हणाली. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा चटई, पुन्हा चहा, पुन्हा नाही.

"दोन चमचे रक्ताने गर्भ जात नाही, यार! किती वेळा सांगायचं!" माधुरी म्हणाली. "अफवा आहे नुसती. अडाणीपणा आहे. येत्या शुक्रवारनंतरच्या शुक्रवारी मीटिंग आहे. तोपर्यंत ऐकलं नाही तर ते गाव प्रोजेक्टमधून काढतील. मग दर महिन्याला घरी रक्तवाढीच्या गोळ्या घेऊन जाणारी बाई पण बंद. नुकसान कोणाचं? त्यांचंच ना?"

मी कोथिंबीर निवडत होते. हात थांबले. पुन्हा निवडायला लागले, पण पानं देठांत आणि देठं पानांत पडायला लागली.

माधुरीला एक गोष्ट माहीत नव्हती. ती पोटात होती तेव्हा आमच्या गावात शहरातून जीप आली होती. शिकलेल्या बाया होत्या, गोड बोलणाऱ्या. शाळेच्या ओसरीवर आम्हां गरोदर बायकांना बसवलं, वजन केलं, दंड मोजला, आणि बाटलीत रक्त घेतलं. मला एक पुठ्ठ्याचं कार्ड दिलं. नंबर दोनशे चौदा. "जपून ठेवा, परत येऊन सांगू काय निघालं ते," म्हणाल्या. माधुरी झाल्यावर एकदा आल्या, पुन्हा रक्त घेतलं, पुन्हा म्हणाल्या सांगू. नंतर जीप आली नाही.

माधुरीच्या पाठीवर माझी दोन गेली. एक तिसऱ्या महिन्यात, एक पाचव्या. सासूबाई म्हणायच्या, "ओसरीवर जाऊन रक्त देऊन आली, आता कुठलं टिकतंय." भांडणात नाही, अगदी भाजी निवडता निवडता म्हणायच्या. माझा विश्वास होता की नव्हता, मला आजही सांगता येणार नाही. पण मला वाटायचं, त्या बाटलीत काहीतरी दिसलं असेल. त्यांना माहीत असेल माझ्या अंगात काय कमी आहे. त्या आल्या असत्या तर कळलं असतं. कितीतरी वर्षं रस्त्यावर जीपचा आवाज आला की मी दारात यायची.

रेहेमाच्या आईने चहा देऊन नाही म्हटलं. मला तेवढंही जमलं नव्हतं. हे सगळं माधुरीला सांगावं असं त्या दिवशीच वाटलं. पण ती अडाणीपणा म्हणाली होती, आणि मी तशीच तळ्यावर गेले.

नीमा

दुसऱ्या दिवशी नीमा आली. टांझानियातल्या त्या गावांत घरोघर फिरणाऱ्या मुलींवर देखरेख करणारी ती मुख्य. युनिव्हर्सिटीत नव्या सामानाचं प्रशिक्षण होतं, आणि शुक्रवारच्या त्या मीटिंगला ती माधुरीच्या शेजारी असावी म्हणूनही बोलावलं होतं. दहा दिवस आमच्याकडेच राहणार होती. चाळिशीची, अंगाने भरलेली, आणि हसली की आधी खांदे हलायचे.

दारातच ती माझ्यासमोर गुडघ्यात थोडी वाकली आणि म्हणाली, "शिकामू, मामा."

ईरा खदखदून हसली. "आजी, शी कॉल्ड यू मामा!"

माधुरीने समजावलं. तिकडे मोठ्या बाईला मामा म्हणतात, आणि शिकामू म्हणजे पाया पडते. त्यावर मोठ्या माणसाने "माराहाबा" म्हणायचं असतं. एवढ्या लांबून आलेली बाई पाया पडते म्हणाली आणि मला उत्तर येत नव्हतं. मी आपला तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती खूश झाली. रात्री झोपताना मी माराहाबा, माराहाबा घोकलं आणि सकाळी मीच आधी म्हणून बसले. मोठ्याने आधी म्हणायचं नसतं. नीमाचे खांदे कितीतरी वेळ हलत होते.

तिच्या आईने तिच्याबरोबर काजू आणि लवंगा पाठवल्या होत्या. बॅगेत जागा नव्हती, म्हणून प्रशिक्षणाची निळी पेटी होती त्यातच कोंबल्या होत्या. आपल्याकडे पोलिओच्या डोसाची असते तशी पेटी. लवंगा उघडल्या तर घरभर वास गेला. इतक्या तेलकट लवंगा मी कधी बघितल्या नव्हत्या.

मला तिची भाषा येत नाही, तिला माझी नाही. पण ती आल्यापासून मला ओट्यापाशी सोबत मिळाली. एका संध्याकाळी तिने उगाली केली. पांढऱ्या मक्याचं पीठ उकळत्या पाण्यात घालून घट्ट होईपर्यंत हलवायचं, मीठसुद्धा नाही. पीठ घट्ट व्हायला लागलं तसं मी तिच्या हातातून लाकडी पळी घेतली आणि पातेलं पायाशी घेऊन बसले. दोन महिन्यांनी माझ्या दंडांना काम मिळालं. नीमा माधुरीला काहीतरी म्हणाली.

"ती म्हणते, तुझ्या आईला आमच्याकडे लग्नाच्या स्वयंपाकाला घेऊन जाते."

भाजी इंडियन स्टोअरमधून आणलेल्या माठाची. त्यात तिने दाण्याचा कूट घातला. मी म्हटलं, हे तर आमचंच. जेवताना नीमाने हाताने गोळा केला, अंगठ्याने खळगा पाडला आणि त्यात भाजी उचलली. निखिलरावांनी काटा खाली ठेवला आणि तेही हाताने जेवले. ईरा म्हणाली, "इज दॅट अलाउड टुडे?"

सिमेंटची कणसं

रविवारी निखिलराव आम्हाला एक गंमत दाखवायला घेऊन गेले. रस्त्याच्या कडेला मोठं मैदान आहे आणि त्यात मक्याची कणसं उभी आहेत, सिमेंटची. माणसापेक्षा उंच, रांगेने, शंभराच्या वर असतील. पूर्वी तिथे मक्याचं शेत होतं, त्याची आठवण म्हणून केली आहेत म्हणे.

नीमा एका कणसापाशी गेली, त्यावर बोटाची टिचकी मारली आणि गंभीर चेहऱ्याने माधुरीला काहीतरी विचारलं.

"ती विचारते, हे शिजायला किती वेळ लागतो?"

सगळे हसले. मग नीमा एकटीच रांगेतून लांबवर चालत गेली. परत आली तेव्हा हसत नव्हती. गाडीत ती आणि माधुरी इंग्रजीत बोलत होत्या, आणि आवाज चढत होते. ईरा माझ्या कानात म्हणाली, "आजी, दे आर फायटिंग." पण भांडण नव्हतं ते, माधुरीने रात्री सांगितलं. नीमा सांगत होती की ते गाव काढू नका. माधुरी म्हणत होती, माझ्या हातात नाही, बायका रक्त देणार नसतील तर मोठ्या बाईंना मी काय दाखवू? मीटिंगला पाच दिवस राहिले होते.

मी खिडकीतून ती कणसं मागे जाताना बघत होते. मनात वाक्य जुळवत होते. माधुरी, मला एक सांगायचंय. एवढंच जुळायचं आणि पुढचं मोडायचं. घर आलं.

बाटल्या

गुरुवारी माझी चूक उघडी पडली.

नीमा शनिवारी निघणार होती. बुधवारी सगळे बाहेर गेले असताना मी ओट्यावरची निळी पेटी बघितली. काजू संपले होते, लवंगा मी बरणीत भरल्या होत्या. पेटी तिच्या आईकडून भरून आली होती, आणि आता रिकामी जाणार. कोणाचं भांडं घरात आलं तर ते मोकळं परत द्यायचं नाही, निदान चिमूटभर साखर घालायची, हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. आत बघितलं तर पिशवीत बंद केलेल्या छोट्या छोट्या बाटल्या, झाकणाच्या, बोटाएवढ्या. मला वाटलं, नीमाच्या आईने मसाल्यासाठीच दिल्यात. किती सोयीच्या.

मी पिशव्या फोडल्या. बाटल्या गरम पाण्याने धुतल्या, कोरड्या केल्या. मी गावाहून नेलेली हळद, धने-जिऱ्याची पूड, हिंग, काळा मसाला, तीळ, ओवा, असं एकेकीत भरलं. ईराच्या वहीतला कागद कापून नावं चिकटवली. बाटल्या पेटीत रांगेने लावल्या आणि झाकण लावलं. नीमाला निघताना कळेल, आनंद होईल. त्या दिवशी मला पहिल्यांदा शांत झोप लागली.

गुरुवारी सकाळी माधुरी आणि नीमा ती पेटी घेऊन प्रशिक्षणाला गेल्या. मला वाटलं होतं ती घरीच राहील.

संध्याकाळी माधुरी घरात आली ती पर्स सोफ्यावर फेकतच. "आई, त्या सॅम्पलच्या बाटल्या होत्या! सील केलेल्या! ब्लड सॅम्पलच्या! बारा माणसांसमोर मी पेटी उघडली आणि हिंगाचा भपकारा! मोठ्या बाई म्हणाल्या, व्हॉट इज धिस? एकदा विचारायचं तरी!"

 ज्या बाटल्यांतून कधीकाळी माझं रक्त नेलं होतं, तसल्याच बाटल्यांत मी हळद भरली होती आणि मला ओळखू आल्या नव्हत्या. पूर्वी काचेच्या असायच्या.

"मला वाटलं, पेटी रिकामी कशी पाठवायची," मी म्हटलं. "तिच्या आईची आहे. भरून आलेली."

माधुरी काहीतरी बोलणार होती, तेवढ्यात नीमाने ईराला विचारलं, आजी काय म्हणाली. ईरा म्हणाली, "शी सेज यू कान्ट सेंड अ बॉक्स बॅक एम्प्टी. इट्स लाइक, रूड."

नीमाचे खांदे मघापासून हलत होते, ते थांबले. ती खुर्ची ओढून बसली आणि सावकाश बोलली. माधुरीने ते मराठीत सांगितलं, पण मध्येच तिचा आवाज उतरला.

"ती म्हणते, आमच्याकडेही नाही पाठवत. माझी आई मला घरात घेणार नाही, रिकामी नेली तर. आणि म्हणते, त्या गावात आपण पाच महिने काय केलं? बाटल्या रिकाम्या नेल्या आणि भरून आणल्या. त्यांच्या घरात काय ठेवून आलो?"

"गोळ्या देतो ना," माधुरी तिला इंग्रजीत म्हणाली असावी, कारण नीमाने मान हलवली आणि गोळी गिळल्यासारखी खूण केली, मग डोक्याला बोट लावलं. गोळ्या पोटात जातात. डोक्यातला प्रश्न तसाच राहतो. ते मला भाषांतराशिवाय कळलं.

मग मी बोलले. कसं ते मला माहीत नाही. मी त्यांच्याकडे बघत नव्हते, हिंगाच्या बाटलीकडे बघत होते. "मला सांगतो म्हणाल्या होत्या. आल्याच नाहीत. दोनशे चौदा नंबर होता माझा."

माधुरीला वाटलं मी दुसऱ्याच कशाबद्दल बोलते आहे. मी सगळं सांगितलं. ओसरी, जीप, कार्ड, पाठची दोन. सासूबाई काय म्हणायच्या ते. ईरा बाजूला उभी होती, तिच्यासमोर सांगायला नको होतं, पण थांबले असते तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

"आई," माधुरी म्हणाली, "रक्त दिल्याने नाही गं जात. खरंच नाही."

"असेल," मी म्हटलं. "तू शिकलीस म्हणून तुला माहीत आहे. मला कोणी येऊन सांगितलं का? अडतीस वर्षांत आज पहिल्यांदा कोणीतरी सांगितलं. तू."

माधुरीने तोंडावर हात धरला. नीमाने काय झालं म्हणून विचारलं नाही. तिने बाटल्या एकेक करून पेटीतून काढल्या, वास घेतला, आणि नाव वाचता येत नव्हतं तरी कागद बघितला.

शुक्रवार

सात वाजता टेबलावर माधुरी आणि नीमा शेजारी बसल्या. पडद्यावर मोठ्या बाई, आणि टांझानियातले दोघं. मी आत होते, पण दार लोटलेलं नव्हतं.

नंतर माधुरीने सांगितलं ते असं. तिने मागितलं की दुसरं रक्त राहू दे. आधी त्या गावातल्या प्रत्येक बाईच्या घरी जाऊन तिच्या पहिल्या रक्तात काय निघालं ते तिलाच सांगायचं. ज्यांचं फारच कमी होतं त्यांना तेव्हाच दवाखान्यात पाठवलं होतं. बाकीच्यांना सगळं काम संपल्यावर सांगायचं ठरलं होतं, दोन वर्षांनी. मोठ्या बाई म्हणाल्या, मध्येच सांगितलं तर बायका खाणंपिणं बदलतील, मग आपण दिलेल्या गोळ्यांनी फरक पडला की त्याने, हे कसं कळणार? ते गाव हिशेबात धरता येणार नाही. माधुरी म्हणाली, धरू नका. हिशेबात धरू नका, पण गोळ्यांची बाई बंद करू नका.

मोठ्या बाई कबूल झाल्या, आणि दोन वर्षांच्या कामातलं एक गाव तिने सोडून दिलं. मीटिंग संपल्यावर तिने लॅपटॉप मिटला. मग म्हणाली, "पाहिजे होतं गं मला ते गाव."

मी तिच्यासमोर गरम थालीपीठ ठेवलं आणि शेजारच्या खुर्चीवर बसले. "बसून खा," म्हटलं. बसली. नीमाही बसली. मीही घेतलं. तिघी एकदमच जेवलो.

शनिवारी नीमा गेली. निळी पेटी बरोबर होती, हिंग वेगळा करून तीन पिशव्यांत बांधलेला. निघताना ती वाकली. "शिकामू, मामा माधुरी."

"माराहाबा," मी म्हटलं, या वेळी बरोबर ठिकाणी.

निरोप

माझं परतीचं विमान चार दिवसांवर आलं होतं तेव्हा नीमाचा आवाजातला निरोप आला. माधुरी थांबवत थांबवत मला सांगत होती. मुली घरोघर गेल्या. कोणी ऐकून घेतलं, कोणी अजून दारात उभं करत नाही. काही जणी पुन्हा रक्त द्यायला तयार झाल्या, काही नाही झाल्या, आणि त्यांना कोणी विचारायला गेलं नाही. रेहेमाच्या आईकडे नीमा स्वतः गेली. चटई, चहा. तिच्या रक्ताचा आकडा काय निघाला ते नीमाने आम्हाला सांगितलं नाही. म्हणाली, तो तिचा आहे. मला ते आवडलं.

रेहेमाच्या आईने सगळं ऐकून घेतलं. मग तिने विचारलं, आज अचानक सांगायला का आलात? नीमाने सांगितलं, लांब एका बाईचं असंच रक्त नेलं होतं, ती बोलली म्हणून.

इथे माधुरीने फोन थांबवला. पुन्हा लावला, पुन्हा थांबवला.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"रेहेमाच्या आईने विचारलंय, मग त्या बाईचं काय निघालं?"

 मी कधी न बघितलेली बाई, तिच्या घरात तिचंच दुःख असताना, माझं विचारत होती. आमच्या गावात हे कोणी विचारलं नव्हतं. मीही कोणाला विचारू दिलं नव्हतं.

"सांग तिला," मी म्हटलं, "अजून कळलं नाही म्हणावं."

घरी आल्यावर मी पहिल्यांदा कपाटातला पत्र्याचा डबा काढला. कार्ड आहे. कडा कुरतडलेल्या, वर कुठल्या संस्थेचं नाव होतं ते पुसलं गेलं आहे, पण नंबर आहे आणि माझं नावही आहे. मी त्याचा फोटो माधुरीला पाठवला. ती म्हणाली, असे जुने कागद कधी कधी कुठल्यातरी कपाटात असतात, मी शोधते. मिळणार नाहीत बहुतेक, हेही म्हणाली. ती खोटं बोलत नाही.

पंधरा दिवस झाले. मी काही वाट बघत नाही. खिचडी हलवते, लीलाबाईचं बोलणं ऐकते. फोन वाजला की मात्र पळी तिच्या हातात देते आणि हात पुसत बाहेर येते.